चोवीस काडेपेट्या आणि पडद्याला धडकणारी गाडी

पहिल्या तुकडीच्या तिसऱ्या तासाला एकोणीस जणांपैकी बाराच आले. न आलेल्या सातांनी कारण कळवलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही, कारण ते मला ठाऊक होतं. पहिल्या दोन तासांत मी फळ्यावर न्यूरॉनचे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या छोट्या गणिती गाठींचे थर काढले होते, त्यांना जोडणाऱ्या बाणांवर आकडे लिहिले होते, गुणाकार-बेरजा करून दाखवल्या होत्या आणि मध्ये मध्ये ‘हे तसं सोपं आहे’ म्हणत होते. समोरच्याला कळत नसताना ‘सोपं आहे’ म्हटलं की त्याचं तोंडच बंद होतं. तो मान हलवतो, वहीत काहीतरी उतरवून घेतो आणि पुढच्या तासाला येत नाही.

शिकणारे सगळे मोठे, आपापल्या कामात मुरलेले. एक नर्स, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारे काका, निवृत्त भाषाशिक्षक, मालवाहू गाडी चालवणारा एक तरुण, इतिहासात पदवी घेतलेली एक मुलगी, आणि आणखी काही जण. बारा आठवडे, आठवड्यातून एक दिवस तीन तास. अर्धा वेळ कृत्रिम बुद्धिमत्ता, अर्धा वेळ रोबोटिक्स. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची. इतकी वर्षं सर्किट आणि प्रोग्रॅम यांतच काढलेली. मला वाटलं होतं, विषय येतो म्हणजे शिकवताही येईल.

त्या दिवशी मी फळा पुसला आणि उरलेल्या बारा जणांना विचारलं, “तुम्हाला नेमकं काय जड जातंय?” गणित, असं उत्तर येईल असं मी धरून चालले होते. काका म्हणाले, “आकड्यांची भीती नाही, त्यातच जन्म गेला. भीती वाटते ती बिघडवण्याची.” मग गाडी चालवणारा मुलगा बोलला. तो फार बोलत नसे. “मॅडम, आमची ती रोबोटची छोटी गाडी बंद पडली की तुम्ही येता, एक वायर हलवता, ती चालू होते. आम्ही नुसते बघतो. बंद का पडली होती ते शेवटपर्यंत कळत नाही.”

हे वाक्य मी घरी नेलं. त्या आठवड्यात उरलेल्या नऊ आठवड्यांची आखणी मी पुन्हा केली. एकच गोष्ट ठरवली: चूक होईल तेव्हा ती त्यांच्या हातातच राहू द्यायची. मी वस्तूला हात लावायचा नाही. प्रश्न विचारेन, थांबेन, पण वायर हलवणार नाही. लिहायला हे एका ओळीचं आहे, पाळायला फार कठीण गेलं. समोर चुकीच्या जागी खोचलेली वायर दिसत असते, समोरच्याचा चेहरा उतरत असतो आणि आपली बोटं आपोआप पुढे जातात. मी हात पाठीमागे बांधून उभी राहायला लागले. अक्षरशः.

चौथ्या तासाला मी संगणक उघडलाच नाही. पिशवीतून रिकाम्या काडेपेट्या काढल्या, चोवीस. त्यांच्यावर चिकटवायला छोटी चित्रं आणि वेगवेगळ्या रंगांचे मणी. खेळ अगदी लहान. तीन गुणिले तीन घरांचा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. प्यादं समोरच्या रिकाम्या घरात एक पाऊल जातं, तिरक्या घरात शत्रूचं प्यादं असेल तर त्याला मारतं. पलीकडच्या ओळीत पोहोचलात तर जिंकलात, समोरच्याची सगळी प्यादी मारलीत तर जिंकलात, किंवा त्याला चालच उरली नाही तरी जिंकलात. हा खेळ आणि त्याची काडेपेट्यांची यंत्रणा गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९६२ साली लोकांसमोर मांडली. त्याआधी १९६१ मध्ये ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिची यांनी हीच कल्पना फुली-गोळ्याच्या खेळासाठी वापरली होती. त्यांना ३०४ काडेपेट्या लागल्या. हाताशी संगणक नव्हता, म्हणून त्यांनी शिकणारं यंत्र काडेपेट्यांचं बनवलं. हे सांगितल्यावर वर्गातलं वातावरण थोडं सैल झालं. ज्यांना संगणक परका वाटतो त्यांना कुणीतरी त्याच्याशिवायच सुरुवात केली होती हे कळणं फार मोलाचं असतं.

पेट्यांचं काम असं चालतं. पहिली चाल माणसाची, दुसरी पेट्यांची. पेट्यांच्या पहिल्या चालीसाठी दोनच पेट्या पुरतात, कारण डावीकडचं प्यादं हललं काय आणि उजवीकडचं हललं काय, पट आरशातल्यासारखा सारखाच. पुढे पटावर जी स्थिती असेल तिचं चित्र असलेली पेटी शोधायची. चित्रावर शक्य असलेल्या चालींचे रंगीत बाण असतात आणि पेटीत त्याच रंगांचे मणी. पेटी हलवायची, न बघता एक मणी काढायचा, त्या रंगाची चाल खेळायची. पेट्या हरल्या तर त्यांची शेवटची चाल सांगणारा मणी कायमचा काढून टाकायचा. कधी पेटी रिकामीच निघाली तर पेट्यांनी हार मानायची आणि त्याआधीच्या चालीचा मणी काढायचा. एवढंच. विजेची तार नाही, प्रोग्रॅमची ओळ नाही.

सुरुवातीच्या डावांत पेट्या वेड्यासारख्या खेळतात. समोर सरळ विजय असताना भलतीच चाल करतात. वर्गात हशा झाला. दहाव्या-बाराव्या डावाला हसू कमी झालं. तिसाव्या डावाच्या आसपास एकही माणूस पेट्यांना हरवू शकत नव्हता. या खेळात दुसऱ्याने अचूक चाली केल्या तर तो जिंकतोच, आणि पेट्यांत आता अचूक चालीच उरल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी एक पेटी उघडून आत बघितलं. आत एकच मणी होता. “हिला आता दुसरं काही सुचूच शकत नाही,” त्या म्हणाल्या. मला पुस्तकी व्याख्या करून इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

मग वाद झाला आणि मी तो होऊ दिला. काका म्हणाले, “यात शहाणपण कुठे आहे? वजाबाकी आहे.” इतिहासवाली मुलगी म्हणाली, “पण सुरुवातीला हरत होत्या, आता हरत नाहीत. मग शिकल्याच की.” भाषाशिक्षक म्हणाले, शिकणं हा शब्दच तपासायला हवा. त्यांनी विचारलं, हारजीत ठरवली कुणी? मणी काढला कुणी? पेट्यांना तर जिंकायचं आहे हेही माहीत नाही.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला की आमच्या पेट्या बिघडल्यात, सारख्या हरतात. दुसऱ्या गटाच्या पेट्या जिंकत होत्या आणि यांच्या प्रत्येक डावागणिक आणखी वाईट खेळत होत्या. मी जवळ गेले, बघितलं आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं. हात मागे. विचारलं, “पेट्या जिंकल्या तेव्हा तुम्ही काय करता?” चौघे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी नियम उलटा ऐकला होता. पेट्या जिंकल्या की मणी काढत होते. म्हणजे त्यांचं यंत्र बिघडलेलं नव्हतंच. ते मन लावून हरायला शिकत होतं, आणि तेही उत्तम. बक्षीस कशाला आणि शिक्षा कशाला हे माणसाने ठरवलेलं असतं आणि यंत्र ते बिनबोभाट पाळतं, हे त्या चौघांना मी सांगितलं नाही. त्यांनीच ते बाकीच्यांना उठून सांगितलं, थोडं लाजत, पण पूर्ण. पुढे तुकड्या घेतल्या तेव्हा एका गटाला मी मुद्दाम उलटा नियम देऊन बघितलं. तितका परिणाम होत नाही. स्वतःच्या हातून झालेल्या चुकीला जे वजन असतं ते आखून दिलेल्या चुकीला येत नाही.

त्या दिवसानंतर थर, बाण आणि भार, म्हणजे बाणांवरचे आकडे, हे शब्द परत आणायला मला अडचण आली नाही. पेटीतले मणी म्हणजे भार, असं म्हटलं की पुरत असे. एका गोष्टीत मात्र मी अजूनही अडते: हजारो आकडे थोडे थोडे हलवत यंत्र चूक कमी करत नेतं, ते कसं. धुक्यात डोंगर उतरणाऱ्या माणसाची उपमा सगळे देतात, मीही दिली. ऐकणाऱ्याला डोंगर आठवतो, आकडे आठवत नाहीत. यावर मी अजून शोधात आहे.

रोबोटिक्सच्या भागात जोडणी, बॅटरी, वायरी खोचायचा ब्रेडबोर्ड यांवर फार लिहीत नाही. ते कुठेही शिकता येतं. एवढंच सांगते की छोट्या चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोटारी चालवायला जाऊ नका. मोटार सुटताना एकदम जास्त करंट मागते, ती बॅटरी तो देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि गाडीचा बोर्ड, म्हणजे तिचा छोटा संगणक, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिकणाऱ्याला वाटतं आपला प्रोग्रॅम चुकला. आणि मोटारीची बॅटरी वेगळी असली तरी दोन्हीकडचा ग्राउंड, म्हणजे वजा टोक, एकत्र जोडलेला हवा. या दोन गोष्टींनी वर्गाचे जितके तास खाल्ले तितके दुसऱ्या कशाने नाहीत.

‘रोबोट’ हा शब्द कुठून आला ते सांगायला मला फार आवडतं. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात तो पहिल्यांदा आला आणि सुचवला त्यांच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीचं काम. भाषाशिक्षक ताडकन म्हणाले, “म्हणजे वेठ!” आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘वेठबिगार’ लिहिलं. त्यानंतर आमच्या वर्गात यंत्राला कुणी साहेब म्हटलं नाही. शब्दांच्या बाबतीत त्यांनी मला फार मदत केली. सरावाची चित्रं तोंडपाठ करणाऱ्या आणि नवीन चित्र आलं की गडबडणाऱ्या मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमला, त्यांनी ‘घोकंपट्टी’ म्हटलं, आणि राखून ठेवलेल्या चित्रांवरच्या चाचणीला ‘न पाहिलेला पेपर’. दोन्ही शब्द मी आजही वापरते. घोकंपट्टी म्हटल्यावर समजावून सांगायला काही उरतच नाही.

सहाव्या आठवड्यात प्रकाश ओळखणारी गाडी. पुढे डावी-उजवीकडे एकेक प्रकाशाचा सेन्सर, मागे दोन मोटारी. डावा सेन्सर डाव्या मोटारीला, उजवा उजव्या मोटारीला. प्रकाश जास्त, मोटार जोरात. टॉर्च दाखवली की गाडी वळून पळून जाते. आता दोन्ही वायरींची अदलाबदल करायची, डावीची उजवीकडे. गाडी टॉर्चच्या अंगावर धावून येते. मेंदूचे अभ्यासक व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग यांनी १९८४ साली अशा कल्पित गाड्यांवर फार सुंदर विचार मांडला आहे. मी प्रत्येकाला एक कागद दिला आणि ‘गाडीने काय केलं ते लिहा’ एवढंच सांगितलं. जवळपास सगळ्यांनी लिहिलं: आधी घाबरली, मग चिडली. नर्सने मात्र लिहिलं होतं: ‘डावीकडून उजेड दाखवला, उजवीकडे वळली.’ मी दोन्ही प्रकारचे कागद शेजारी शेजारी लावले. कामात काय बघितलं ते लिहायचं, काय वाटलं ते वेगळ्या रकान्यात, ही सवय तिला नोकरीनेच लावली होती. ती सवय त्या दिवशी वर्गाला मिळाली.

आता पडद्याबद्दल. माझ्या दृष्टीने पूर्ण अभ्यासक्रमात याहून चांगला दिवस आला नाही.

गाडीच्या पुढे आम्ही अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर बसवतो. त्याला दोन गोल भाग असतात आणि बघणाऱ्याला ते डोळे वाटतात. खरं तर एक तोंड आहे आणि एक कान. तोंडातून ४० किलोहर्ट्झचा आवाज निघतो. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, म्हणून तो आपल्या कानी पडत नाही. आवाज समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो, कान तो ऐकतो आणि गेलेल्या वेळावरून अंतर कळतं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. एक मीटरवर भिंत असेल तर आवाजाचा प्रवास दोन मीटरचा, म्हणजे सहा मिलिसेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ. काकांनी हे गणित जमिनीवर खडूने मांडलं आणि दोनाने भागायला विसरलेल्या तिघांना स्वतः समजावलं. वीस सेंटिमीटरच्या आत काही आलं की थांब, एवढाच हुकूम गाडीला होता.

गाडी भिंतीपाशी थांबली. खोक्यापाशी थांबली. उभ्या धरलेल्या वहीपाशी थांबली. टाळ्या वाजल्या. मग ती खोलीच्या टोकाला गेली आणि खिडकीच्या जाड पडद्यात सरळ घुसली. उचलून पुन्हा सोडली, पुन्हा घुसली. एकाने प्रोग्रॅम पुन्हा बोर्डवर टाकला. एकाने बॅटरी बदलली. एकीने सेन्सरची वायर काढून पुन्हा खोचली. हे तिन्ही उपाय त्यांनी माझ्याकडूनच उचलले होते, पहिल्या दोन तासांत बघून. कारण न शोधता काहीतरी हलवत राहायचं.

नर्स खुर्चीवरून उठली आणि शांतपणे म्हणाली, “आत्ताच चालत होती ना? मग तेव्हापासून बदललं काय ते आधी सांगा.” फळ्यावर तिने दोन रकाने केले. थांबली कुठे: भिंत, खोकं, वही. धडकली कुठे: पडदा. बॅटरी तीच, प्रोग्रॅम तोच, वेग तोच. बदलली होती फक्त समोरची वस्तू.

शिवणकामवाल्या ताई पडद्यापाशी गेल्या. त्यांनी कापड चिमटीत धरलं, बोटांत चोळलं. म्हणाल्या, “हे आवाज पितं. जाड पडदे लावलेल्या खोलीत बोललेलं घुमत नाही, तसं.” मग त्यांनी आपल्या पिशवीतून दोन तुकडे काढले, एक मखमलीचा आणि एक कॉलरमध्ये घालतात त्या कडक बकरमचा. दोन जणांनी तुकडे ताणून उभे धरले. गाडी बकरमपाशी थांबली. मखमलीवर बहुतेक वेळा धडकली. पाच-पाच वेळा करून बघा, एकदाच नको, असंही ताईंनीच सांगितलं. त्यानंतर वही तिरकी धरून बघितली, तर तिथेही गाडी चुकली, कारण आवाज भिंतीवर तिरका मारलेल्या चेंडूसारखा दुसरीकडेच निघून जात होता. चालकाने लगेच विचारलं, म्हणजे मी गाडी मागे घेताना जो सेन्सर वाजतो तोही असाच फसेल का? मी म्हटलं, तत्त्व तेच आहे, फसू शकतो. तो बराच वेळ गप्प होता.

पण खरी चूक अजून सापडली नव्हती, आणि ती माझी होती. प्रोग्रॅम मी लिहून दिला होता. प्रतिध्वनी ठरलेल्या वेळात आलाच नाही तर सेन्सरकडून शून्य मिळतं. त्या शून्याचा अर्थ मी ‘समोर मोकळं आहे’ असा लावला होता, कारण मोकळ्या जागेतही प्रतिध्वनी येत नाही. एकेक ओळ मोठ्याने वाचत आम्ही तिथवर पोहोचलो तेव्हा मी सांगून टाकलं की ही ओळ मी विचार न करता लिहिली. नर्स म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे मॉनिटरवर नाडी दिसेनाशी झाली तर नाडी नाही असं आम्ही धरत नाही. आधी पेशंटकडे बघतो, मग वायर निघालीय का ते. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ हे एकच कसं?”

मी इंजिनिअर आहे. ‘माहिती नाही’ आणि ‘अडथळा नाही’ यांतला फरक मी परीक्षेत लिहिलेला आहे. तरी तो माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हता आणि त्या बाईंच्या कामात रोज होता. त्या दिवशी वर्गाने ठरवलं की शून्य आलं तर गाडीने वेग कमी करायचा, पुन्हा ऐकायचं, तरी काही कळलं नाही तर हळूहळू जायचं, आणि पुढे एक दाबाचं बटण बसवायचं म्हणजे धडकलीच तर निदान थांबेल. ही सुधारणा मी सुचवलेली नाही. मी फक्त कुठली ओळ कुठे जाते ते सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एक गट पांढऱ्या जमिनीवर काळ्या रेषेवरून जाणारी गाडी करत होता. संध्याकाळी उत्तम चालली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले तर वेडीवाकडी जायला लागली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. “काल आणि आज यात बदललं काय?” फळ्यावर रकाने, आणि पंधरा मिनिटांत उत्तर: खिडकीतून येणारं ऊन. त्या सेन्सरना लागतो तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश उन्हातही भरपूर असतो. त्यांनी सेन्सरभोवती पुठ्ठ्याची झापड लावली आणि पुढे गेले.

कॅमेऱ्याच्या धड्यात हाच प्रश्न वेगळ्या वेशात आला. ब्राउझरमध्ये चित्रं दाखवून मॉडेलला शिकवायचं एक साधन आहे, टीचेबल मशीन. प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. ‘मूठ’ आणि ‘उघडा हात’ असे दोन वर्ग केले. प्रत्येकाचे शंभर-दीडशे फोटो. मॉडेल एकदम बरोबर ओळखू लागलं. मग मी गटाला जागा बदलायला सांगितली, आणि मूठ दाखवली की ते खात्रीने ‘उघडा हात’ म्हणायला लागलं. दहा मिनिटं त्यांनी हात वरखाली केले. शेवटी इतिहासवाल्या मुलीने जुने फोटो एकामागून एक उघडून बघितले. मुठीचे सगळे फोटो खिडकीशेजारी, उघड्या हाताचे सगळे भिंतीपुढे. मॉडेलने हाताकडे बघितलंच नव्हतं. उजेड बघितला होता.

तेव्हा मी त्यांना २०१६ चा एक प्रयोग सांगितला. संशोधकांनी मुद्दाम असं मॉडेल बनवलं जे लांडगा आणि हस्की कुत्रा वेगळे ओळखतं. प्रत्यक्षात ते मागे बर्फ आहे का तेवढंच बघत होतं. आणि मग २०१८ चा जॉय बुओलाम्विनी आणि टिमनीट गेब्रू यांचा अभ्यास. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या बाजारातल्या प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळसर वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एरवी या आकड्यांवर माणसं हळहळतात आणि पुढे जातात. या वर्गाने विचारलं, “सरावाचे फोटो कुणाचे होते?” मुठीचे फोटो उघडून बघितल्यावर दुसरं काही विचारावंसं वाटतच नाही.

भाषेच्या मॉडेलांवर, म्हणजे प्रश्नाला लिहून उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमांवर, दोन तास ठेवले होते. पहिल्यांदा चिठ्ठ्या वाटल्या. ‘सकाळपासून मुसळधार पाऊस…’ पुढचा एक शब्द लिहा. बहुतेकांनी ‘पडतोय’ लिहिलं. दुसरी चिठ्ठी: ‘त्याने पिशवीतून…’ प्रत्येकाचा शब्द वेगळा. मॉडेल हेच करतं, प्रचंड मजकूर वाचून, पुढचा तुकडा कोणता संभवतो ते काढत. खरं काय ते वेगळं तपासत नाही. डोकी हलली, पण मला एवढ्यावर समाधान नव्हतं. म्हणून घरचा अभ्यास दिला: ज्या विषयात तुम्ही वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणता, त्या विषयावरचा खोलातला प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर छापून आणा. चुका लाल पेनाने.

तंत्रज्ञान न येणाऱ्यांना शिकवताना आपण विसरतो की प्रत्येकाला काहीतरी फार चांगलं येत असतं. ताईंनी बाही बसवण्याबद्दल विचारलं होतं. उत्तर सुबक होतं, पायऱ्या होत्या, भाषा मऊ होती. त्यात बाहीचा गोलवा आणि मुंढा यांचं माप अगदी तंतोतंत सारखं ठेवा असं होतं. त्यांनी ते ठळक लाल केलं होतं. “तसं केलं तर बाही नीट बसत नाही. बाहीला थोडं जास्त कापड द्यावं लागतं आणि ते चुण्या न पडता जिरवावं लागतं. याने कापड कधी हातात धरलेलंच नाही.” भाषाशिक्षकांनी एका प्रसिद्ध कवीच्या चार ओळी मागितल्या होत्या. चार ओळी आल्या, वृत्तात बसणाऱ्या, गोड. त्यातली एकही त्या कवीची नव्हती. नर्सचं उत्तर बहुतांशी बरोबर होतं आणि तिने तेही प्रामाणिकपणे सांगितलं. मला ते तितकंच महत्त्वाचं वाटलं. मग काकांनी विचारलं, “आपल्याला येतं त्या विषयात चूक पकडली. जे आपल्याला येत नाही तिथे काय करायचं?” पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. कुणाला विचारायचं, दुसरीकडे कसं पडताळायचं, कुठली चूक परवडते आणि कुठली नाही. मी आखलेला धडा तसाच राहिला आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांच्या १९६६ च्या एलायझा या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमची गोष्टही मी तेव्हाच सांगते. तो बहुतेक वेळा समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारायचा. तरी त्यांच्या सेक्रेटरीने, तो प्रोग्रॅम बनताना पाहिलेला असूनही, त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. वर्गात या गोष्टीवर कुणी हसत नाही. त्यांतल्या दोघा-तिघांनी एकटेपणात मॉडेलशी गप्पा मारलेल्या असतात आणि ते सांगण्याइतका विश्वास तोवर तयार झालेला असतो.

त्या पहिल्या तुकडीतले बाराही जण शेवटपर्यंत टिकले. सोडून गेलेल्या सातांपैकी दोघं पुढच्या तुकडीत परत आले.

त्या दुसऱ्या तुकडीला मदतीला शिवणकामवाल्या ताई येत होत्या. खोलीतला पडदा आम्ही तसाच ठेवला आहे, आणि माझी ती चुकीची ओळही प्रोग्रॅममध्ये तशीच आहे. सातव्या आठवड्यात एका मुलाची गाडी पडद्यात घुसली. त्याने ती उचलली, बॅटरी बदलली, पुन्हा सोडली. पुन्हा घुसली. त्याचे कान लाल झाले होते. बाकीच्या गटांच्या गाड्या भिंतीपाशी मस्त थांबत होत्या आणि तो माझ्याकडे बघत होता. मी एक पाऊल पुढे टाकलं, हातही पुढे गेला असावा.

ताईंनी माझी कोपर धरली. हळूच म्हणाल्या, “मॅडम, अजून पाच मिनिटं.”

तो मुलगा खाली बसला. गाडी बाजूला ठेवली. मग पडद्याचं टोक हातात घेऊन ते बोटांत चोळून बघायला लागला.